मस्कतला काय घालून जायचं

कल्पिताला कपड्यांचं वेड आहे, असं तिच्या सासरी बाळकुमला सगळेच सांगत, आणि सांगताना जरा नाक मुरडत. पण गावात कुणाकडे हळद असली, की ह्याच नाक मुरडणाऱ्या बायका दुपारपासून तिच्या दारात साड्या घेऊन उभ्या. आगरी घरातली हळद ज्याने पाहिलीय त्याला काही सांगायला नको. लग्न एक वेळ साधं चालेल, हळद साधी चालत नाही. घरच्या झाडून सगळ्या बायकांनी एका रंगाचं नेसायचं, आणि ते असं नेसायचं की बेंजोवर पहाटेपर्यंत नाचलं तरी निऱ्या जागच्या हलता कामा नयेत. ते काम कल्पिताचं. ओठांत पिना धरून, गुडघ्यावर बसून ती एकीमागून एक बाई नेसवून मोकळी करायची. कुणाचं काय झाकायचं आणि कुणाला काय खुलेल, हे तिला नुसत्या नजरेने कळायचं. "ताई, श्वास सोडा, मग पदर लावते," ती म्हणायची, आणि बाई आरशात बघून स्वतःवरच खूश व्हायची.

तिचं माहेर दिवा गावातलं. तिकडे पाण्याचा टँकर आला की लोक नवरा-नवरी आल्यासारखे धावतात. अशा ठिकाणी वाढलेली पोर एका बादलीत साडी धुऊन तिची घडी इस्त्रीशिवाय कडक ठेवायला शिकते. ते तिच्या अंगात मुरलेलं होतं. दिपेश तिला भेटला तोही एका हळदीतच. त्याच्या बहिणीला तिने नेसवलं होतं, आणि हा बाहेर येऊन विचारत होता, "हिला माणसात कुणी आणली?" त्यावरून बहीण चिडली, कल्पिता हसली, आणि पुढचं मोठ्या माणसांनी जमवलं.

दिपेशच्या घरची भातशेती होती तिथे आता उंच इमारत उभी आहे. तिच्या गेटवरचा वॉचमन दिपेशलाच विचारायचा, "किधर जाना है?" दिपेश त्यावर हसायचा, पण घरी येऊन गप्प बसायचा. त्याला यंत्रांची आवड. गावाभोवती टॉवर चढत होते, तेव्हा तो क्रेन चालवायला शिकला, आणि चांगलाच शिकला. मग कुणीतरी मस्कतचं काम सांगितलं आणि तो गेला. वर्षातून एकदा यायचा. येताना सान्वीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, खजूर आणायचा, जे तिला आवडत नसत आणि जे ती बापासाठी खायची.

शुक्रवारी त्याची सुट्टी. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तो दाढी करता करता बोलायचा. कल्पिताला पासपोर्ट त्यानेच मागे लागून काढायला लावला होता. "एकदा तुला आणि सान्वीला इकडे आणणार म्हणजे आणणार," तो म्हणायचा. "येताना ती मोरपिशी नेसून ये. काठापदराची."

"तिकडे साडी चालते?"

"अगं वेडे, इथे बाजारात आपल्या बायका साड्या नेसून भाजी घेत फिरतात. टिकली, मंगळसूत्र, सगळं. कोण खातंय तुला?"

मोरपिशी साडी तिने तेव्हापासून वेगळी काढून ठेवली होती. आत लवंगा घालून, जुन्या मऊ धोतरात गुंडाळून. घरात साखरपुडा असो, बारसं असो, ती साडी निघाली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "ती मस्कतची आहे."

आणि मग खरंच मस्कतला जायची वेळ आली.

कंपनीतल्या एका मल्याळी साहेबाचा फोन आला. दिपेश क्रेनच्या शिडीवरून पडला होता. डोक्याला मार होता. अतिदक्षता विभागात ठेवला होता. मधूनमधून शुद्धीवर येत होता, पण घशात नळी होती आणि डॉक्टर म्हणत होते की घरच्यांनी यावं. 'यावं' म्हणजे काय, हे त्या साहेबाला हिंदीत नीट सांगता येत नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. दिपेशचा मोठा भाऊ धनेश आणि कल्पिता, दोघांनी जायचं ठरलं. तिकिटं, व्हिसा ही कामं धनेशने अंगावर घेतली. घरातल्या बायकांच्या हाती उरलं काय, तर कल्पिताने काय घालून जायचं ते.

खरं बोलायचं तर सगळ्यांनाच त्याचं बरं वाटलं. दिपेशबद्दल कुणी बोलू शकत नव्हतं. कपड्यांबद्दल बोलता येत होतं. शेजारच्या बायका चहाचे कप हातात घेऊन बसल्या आणि प्रत्येकीला त्या देशाबद्दल काहीतरी ठाऊक निघालं. एकीच्या भाच्याला दाढी नाही म्हणून अडवलं होतं. दुसरीच्या ओळखीत कुणाच्या पिशवीतून गणपतीचा फोटो काढून घेतला होता. तो भाचा कुठल्या देशात गेला होता आणि तो फोटो कुणाचा, हे कुणी कुणाला विचारलं नाही. कल्पिता भिंतीला टेकून ऐकत होती. एरवी हीच मंडळी तिला विचारून ब्लाउजचा गळा ठरवत.

दुसऱ्या दिवशी दिपेशची बहीण करिश्मा डोंबिवलीहून आली. शीळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालतच ती घरात शिरली आणि हातातली पिशवी तिने पलंगावर उपडी केली. राखाडी रंगाचा लांब, सैल कुर्ता, तसलीच सलवार, आणि एक मोठी फिकट ओढणी. करिश्मा दोन वर्षांपूर्वी टूरबरोबर दुबईला जाऊन आली होती. त्या एका आठवड्यावर तिने आजवर बऱ्याच बढाया मारल्या होत्या, आणि आता तर तिला आवरणं कठीण होतं. अर्थात ती वाईट नव्हती. भाऊ तिचाच होता, आणि रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"हे बघ वहिनी, मी जाऊन आलेय, मला माहितीय. साडी बिलकुल नाही. पोट दिसतं, पाठ दिसते. भडक रंग नाही. टिकली नको. आणि गळ्यातलं तर बिलकुल नको."

"मंगळसूत्र?" कल्पिताचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"हिंदूंचं काही दिसलं की बाजूला घेतात. प्रश्न विचारत बसतात. आणि सोनं असलं की आणखी झंझट. तुला तिथे धनेशदादा सोडवणार आहे का? त्याला 'येस' आणि 'नो'च्या पुढे काही येतं का?"

"पण हे म्हणालेले, तिकडे आपल्या बायका साड्या नेसतात. सगळं घालतात. त्यांनी स्वतः सांगितलंय मला."

"दिपेशदादा पुरुष माणूस. त्याला कपड्यांतलं काय कळतं?" करिश्मा म्हणाली, आणि दादा म्हटल्यावर तिला पुन्हा रडू फुटलं. मग कल्पितालाच तिला पाणी द्यावं लागलं.

कल्पिताने तरीही ऐकलं नसतं. ती म्हणाली, ओढणी गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळेन, आत मंगळसूत्र आहे ते कुणाला दिसणार नाही. त्यावर विमलाबाई उठल्या.

विमलाबाई म्हणजे दिपेशची आई, कल्पिताची सासू. त्यांचे मालक गुणाजी गेले तेव्हा दिपेश शाळेत होता. तेव्हापासून त्यांचं कपाळ मोकळं, हात मोकळे. पण सुनेच्या बाबतीत त्या कडक. कल्पिता न्हाऊन बाहेर आली की आधी कुंकू, मग चहा. एकदा टिकली पाण्याने पडली होती तर त्यांनी तिला दाराबाहेरच्या कचऱ्यापाशीही जाऊ दिलं नव्हतं. अशी बाई उठली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता करिश्माची खैर नाही.

"काढ," विमलाबाई म्हणाल्या.

"आई?"

"काढ म्हनते मी. त्यांनी तुला दारातशीच मागारी धाडली तर? माजा पोर तिकरं येकटा परलाय. तुला जायाचा हाय का नाय त्याच्याकरं?"

"जायचंय."

"मंग काढ. मी राखतंय. देवाजवल ठेवतंय, देवापाशी काय व्हनार हाय त्याला?"

 विमलाबाईंनी एका वाटीत हळद-कुंकू घेतलं, देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि हात पुढे केला. कल्पिताने मान खाली घातली. मागचा आकडा बऱ्याच वर्षांत उघडला नव्हता, तो करिश्माने नखाने उघडला. मंगळसूत्र वाटीत पडलं. मग बांगड्या. हिरव्या काचेच्या बांगड्या साबण लावूनही मनगटावरून उतरेनात. त्यांतली एक वाढली. काच जमिनीवर पडली तशा विमलाबाई पटकन वाकल्या, आणि तुकडे कुणी मोजायच्या आत त्यांनी ते पदरात घेतले. 

कल्पिता राखाडी कपडे घालून बाहेर आली. सान्वीने तिच्याकडे बघितलं आणि ती म्हणाली, "मम्मी, तू आजीसारखी दिसतेस."

"जा, अभ्यास कर," करिश्मा ओरडली. पण पोर खोटं बोलली नव्हती, हे तिथल्या प्रत्येक बाईला दिसत होतं. कल्पिताने आरशात पाहिलंच नाही. साऱ्या गावाला आरशासमोर उभं करणारी बाई स्वतः तशीच विमानतळावर गेली.

विमानतळावर त्यांच्या पुढे रांगेत एक नवी नवरी होती. कोपरापर्यंत चुडा, केसांत गजरा, नवऱ्याकडे चाललेली. कल्पिताला वाटलं, हिला परत पाठवतील बिचारीला. मस्कतला उतरल्यावर तीच नवरी पुढच्या खिडकीतून शिक्का घेऊन हसत बाहेर पडली, तेव्हा कल्पिता तिच्या चुड्याकडे वळून वळून बघत राहिली.

तिच्या खिडकीत डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण अधिकारी होती. तिने पासपोर्टातला फोटो पाहिला. फोटोत कल्पिताच्या कपाळावर ठसठशीत टिकली होती, गळ्यात मंगळसूत्राच्या वाट्या दिसत होत्या. फोटो काढायला जाताना दिपेशनेच फोनवरून सांगितलं होतं, नीट नटून जा. अधिकारी बाईने मान वर करून समोरच्या बाईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. तिला संशय वगैरे आला नव्हता. ती नुसती पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जरा कणव आली. मग तिने हलक्या आवाजात काहीतरी म्हणत शिक्का मारला. कल्पिताला शब्द कळले नाहीत. कुणी गेल्यावर समाचाराला आलेली बाई ज्या आवाजात बोलते तो आवाज मात्र तिला कळला.

हॉस्पिटलच्या लांब ओसरीत बायका बसल्या होत्या. एक तेलुगू बाई पिवळ्या साडीत होती, कपाळावर कुंकू, हातभर बांगड्या. एक गुजराती आजी होती, पदर उजव्या खांद्यावर. काळ्या पायघोळ वस्त्रातली तिथलीच एक म्हातारी कल्पिताशेजारी येऊन बसली. तिने पाण्याची बाटली पुढे केली, आणि कल्पिताने ती घेतली तेव्हा तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला. म्हातारीच्या तळहातावर मेंदी होती आणि मनगटात सोन्याच्या जाड बांगड्या. त्या अख्ख्या ओसरीत मोकळ्या हाताची ती एकटीच होती, हे कल्पिताला तेव्हा दिसलं. तिला त्या क्षणी करिश्माचा राग आला, शेजारच्या बायकांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. दिपेशने सांगितलं होतं. एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. तो इथे राहणारा माणूस, आणि तिने ऐकलं कुणाचं, तर घरात बसून चहा पिणाऱ्यांचं.

ओढणी तिने कपाळावर पुढे ओढून घेतली. पण ओढणीने झाकायचं काय? जे नव्हतंच ते झाकल्याने थोडंच येणार होतं.

केरळची एक नर्स तिला आत घेऊन गेली. "हस्बंड?" तिने विचारलं. "बात करो. सुनता है. थोड़ा-थोड़ा आँख खोलता है."

दिपेश पलंगावर इतका लहान दिसत होता की कल्पिता आधी पुढच्या पलंगाकडेच निघाली होती. डोक्याला पट्ट्या, घशात नळी, हात चादरीवर उघडे. दाढी वाढली होती. आज शुक्रवार आहे, तिला उगाच आठवलं. ती जवळ गेली, वाकली, आणि म्हणाली, "अहो. मी आले."

बराच वेळ काही झालं नाही. ती बोलत राहिली. सान्वीची परीक्षा, धनेशभाऊ बाहेर बसलेत, आई बऱ्या आहेत, गावात कुणाची हळद झाली. मग त्याच्या पापण्या हलल्या आणि डोळे उघडले. आधी ते छताकडे होते. मग हळूहळू तिच्याकडे वळले, आणि त्याने तिला ओळखलं. ओळखलं हे तिला नक्की कळलं, कारण त्याच्या डोळ्यांत तो आनंद आला, जो विमानतळाबाहेर सामानाची गाडी ढकलत येताना दरवर्षी असायचा.

तो क्षणभरच टिकला. मग त्याची नजर तिच्या कपाळावर गेली आणि तिथे थांबली. तिथून ती गळ्यावर उतरली. तिथून चादरीच्या कडेवर ठेवलेल्या तिच्या हातांवर आली. राखाडी कपडे, रिकामं कपाळ, रिकामा गळा, रिकामे हात. आपल्या आईला त्याने शाळेत असताना जशी पाहिली होती, तशी त्याची बायको त्याच्यासमोर उभी होती. त्याचं बोट चादरीवरून जरासं उचललं गेलं, तिच्या गळ्याच्या दिशेने.

"नाही, नाही," कल्पिता घाईघाईने बोलायला लागली. "तसं नाही हो. घरी आहे. आईंनी ठेवून घेतलंय, देव्हाऱ्यात आहे. इथे चालत नाही म्हणाले सगळे, म्हणून काढलं. तुम्ही आहात. ऐकता ना? तुम्ही आहात, तुम्हाला काही झालेलं नाही, तुम्ही बरे होणार आहात."

त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे ओघळलं. मग त्याने डोळे मिटले. त्याला ऐकू गेलं की नाही, गेलं तर त्या औषधांच्या गुंगीत त्याला कळलं की नाही, हे तिला समजायला काही मार्ग नव्हता. नर्सने तिच्या खांद्यावर हात ठेवला. वेळ संपली होती.

बाहेर आल्यावर तिने धनेशला एवढंच सांगितलं, "भाऊ, मला टिकल्या पाहिजेत. आणि हिरव्या बांगड्या. काळे मणी मिळाले तर बघा. उद्या सकाळी मला तशी त्यांच्यासमोर जायचंय."

धनेश तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तो गेला. शुक्रवार म्हणून बरीच दुकानं बंद होती. संध्याकाळी तो टिकल्यांचं एक पाकीट घेऊन परतला, वाणसामानाच्या दुकानात मिळालेलं. बांगड्यांचं दुकान सकाळी उघडेल, दुकानदार सोलापूरचा आहे, तो म्हणाला. "आधी तिकडे जाऊ, मग हॉस्पिटलला," कल्पिता म्हणाली. तिने मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. पलंगाशी गेल्यावर पहिल्यांदा बांगड्या वाजवायच्या. म्हणजे डोळे मिटलेले असले तरी त्याला कळेल.

सकाळी ती उठली, न्हाली, आणि कंपनीने दिलेल्या खोलीतल्या आरशासमोर उभी राहून तिने कपाळावर टिकली लावली. लाल, मोठी. आता जरा ती स्वतःसारखी दिसत होती. तेवढ्यात बाहेर धनेशचा फोन वाजला. तो काय बोलतोय ते तिला ऐकू आलं नाही. तो बोलतच नव्हता, म्हणून तिला कळलं.

तिने टिकली काढली आणि आरशाच्या कोपऱ्यात चिकटवली, घरी रोज रात्री चिकटवायची तशी. ती टिकली तिथेच राहिली.

कागदपत्रांत काही दिवस गेले. मग दिपेशला पेटीतून बाळकुमला आणलं. घरासमोर मांडव घातला होता. सावलीसाठी, पण मांडव तो मांडवच, आणि त्याचं कापडही हळदीलाच वापरायचं, पिवळं. पेटी बैठकीच्या खोलीत ठेवली आणि तोंडावरचं कापड बाजूला केलं. बाहेरून कधी आलेलं नव्हतं एवढं माणूस आलं होतं. कल्पिताला आतल्या खोलीत बसवलं. बायका भोवती बसल्या. त्यांतल्या कित्येकींना तिने हातांनी नेसवलं होतं.

जाईबाई भावकीतली सगळ्यांत म्हातारी. असल्या वेळी जे करायचं ते तिनेच करायचं, हे ठरलेलं. ती काठी टेकत आली, कल्पितासमोर बसली, तिचा हात हातात घेतला, आणि थांबली. त्या हातात काही नव्हतं. तिने गळ्याकडे पाहिलं. कपाळाकडे पाहिलं.

"हिचा कवा काढला?" तिने विचारलं.

 मग कोपऱ्यातून कुजबुज सुरू झाली. जातानाच काढून गेली होती. काचही वाढली होती म्हणे, ह्याच घरात. नवरा जिवंत असताना. असं केल्यावर दुसरं काय होणार? हे बोलणाऱ्या त्याच होत्या, ज्यांनी बिनदाढीच्या भाच्याची गोष्ट सांगितली होती. करिश्मा खाली मान घालून बसली होती. तिने तोंड उघडलं नाही. विमलाबाई दाराशी होत्या, त्यांनीही उघडलं नाही.

"आसा मोकल्या हातानं नाय चालायचा," जाईबाई म्हणाली. ती दुष्ट नव्हती. तिला आपली रीत नीट पार पाडायची होती. "येकदा भरा तिला. नेसवा, कुकू लावा, बांगऱ्या भरा. मंगलसूत्र घाला. मंग काढू."

कुणीतरी एका पोरीला हिरव्या बांगड्यांसाठी बाजारात पिटाळलं. कुणीतरी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात जुन्या धोतरात गुंडाळलेली एक साडी होती, ती काढली. धोतर सोडलं तसा लवंगांचा वास खोलीभर झाला. मोरपिशी रंग, मोठे काठ. विमलाबाई देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. मंगळसूत्राला हळद-कुंकू लागलेलं होतं. त्या रोज लावत होत्या.

दोघी बायकांनी साडीची घडी मोडली आणि कल्पिताला उठवायला तिच्या काखेत हात घातला.

"नको," कल्पिता म्हणाली.

"रीत हाय गो, पोरी. त्याच्यासाठीच करायची."

"त्यांच्यासाठी झालीय ती." तिचा आवाज चढला नाही, पण कुजबुज थांबली. "त्यांनी मला बघितलंय अशी. शुद्धीवर होते ते. डोळे उघडले, मला ओळखलं, मग कपाळ बघितलं, गळा बघितला, हात बघितले. मी सांगितलं, आईंकडे ठेवलंय. त्यांना कळलं की नाही मला माहीत नाही. माझा नवरा जिवंत होता आणि मी विधवा होऊन त्याच्यासमोर उभी राहिले. आता ह्याच्यावर तुम्ही आणखी काय काढणार?"

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. धनेशलाही नाही.

"काय म्हनला तो?" विमलाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"बोलता येत नव्हतं, आई. डोळ्यांतून पाणी आलं नुसतं."

विमलाबाई दोन पावलं पुढे आल्या. मग त्यांनी वाटीतून मंगळसूत्र उचललं, वाटी तिथेच जमिनीवर ठेवली, आणि त्या वळल्या. बैठकीच्या खोलीत पुरुष निघायच्या तयारीत होते. त्यांनी वाट दिली. विमलाबाई पेटीशी गेल्या, गुडघे टेकून बसल्या, आणि मंगळसूत्र दोन्ही हातांत ताणून धरून त्यांनी ते दिपेशच्या तोंडासमोर नेलं.

"बघ रं बाला," त्या म्हणाल्या. "हाय. ह्यो बघ. तिनं नाय काढला, मी काढाया लावला. मी राखलेला, देवाजवल. रोज कुकू लावत व्हते. बघ, बघ ना."

 थोड्या वेळाने धनेश पुढे झाला, उशीर होत होता, पेटी झाकायची होती. त्याने आईच्या दंडाला धरलं, पण ती हात मागे घेईना.